पावणेदोन हात माती

इंग्रजी अमलात आपल्या जमिनीची प्रतबंदी कशी झाली, याची हकीकत जुन्या महसुली अहवालांत सविस्तर सापडते. १८३५च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी मोजणीची नवी पद्धत सुरू केली. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघांनी तिचे नियम एका संयुक्त अहवालात बांधून दिले. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८४८ मध्ये, सातारचे राज्य खालसा झाले. त्यामुळे साताऱ्याच्या वाळवे तालुक्यातले आष्टाही पुढे याच नियमांच्या मापात आले. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पण आष्ट्याच्या जमिनीचे जुने कागद बघायचे तर साताऱ्याच्या दप्तरापासूनच सुरुवात करावी लागते.

मी पेशाने इतिहासकार नाही आणि मृद्‌शास्त्रज्ञही नाही. गेली काही वर्षे हे अहवाल, १८८५ चे साताऱ्याचे गॅझेटियर आणि शेतीखात्याची जुनी पत्रके शेजारी शेजारी ठेवून वाचतो आहे. वाचताना एका प्रश्नाने पाठ सोडली नाही. कृष्णा आणि वारणा या दोन नद्यांच्या मधल्या या काळ्या पट्ट्याची मोजदाद पावणेदोनशे वर्षे होत आली आहे. त्या मोजदादीत मातीच्या जिवंतपणाची नोंद कुठे आहे?

आधी मोजणीची रीत पाहू. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे सारखे भाग पाडायचा, प्रत्येक भागात पहारीने खड्डा घ्यायचा आणि मातीची खोली हातांनी मोजायचा. बारीक, एकजीव पोताची, गर्द काळ्यापासून गडद तपकिरीपर्यंत रंगाची माती ही पहिली जात. ती पावणेदोन हात खोल लागली की जमीन १६ आण्यांची. दीड हात लागली तर १४ आणे, सव्वा हात लागली तर १२, एक हात लागली तर १०. पाव हातावरच मुरूम लागला, तर जमीन साडेचार आण्यांवर उतरायची. तांबूस, जाडसर पोताची माती दुसऱ्या जातीत आणि रेताड, भुरी माती तिसऱ्या जातीत. त्यांचे आणे त्याच खोलीला कमी. अशा एकंदर नऊ प्रती होत्या.

त्यानंतर दोष पाहिले जात. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीला धर नसणे, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुपणे, आणि जमिनीतून वर येणारे पाणी, म्हणजे आपण जिला उपळट म्हणतो तो प्रकार. प्रत्येक दोषासाठी नकाशातल्या चौकटीत एक खूण काढायची आणि प्रत्येक खुणेमागे जमीन एक प्रत खाली आणायची. १६ आण्यांच्या काळ्या रानात उपळ निघाली की ते १४ आण्यांचे झाले. एवढ्या साध्या हिशेबावर साऱ्या इलाख्याचा शेतसारा उभा राहिला.

या पद्धतीचे मला दोन कारणांनी अप्रूप वाटते. एक म्हणजे सरकारी माणूस रानात सुमारे बत्तीस इंच खाली उतरून पाहत होता. आणि दुसरे, पुढे या खोऱ्याला ज्या दुखण्याने पछाडले, ते उपळीचे दुखणे त्या यादीत तेव्हाच होते. पण हा हिशेब सारा ठरवण्यासाठी होता. जमिनीत आज काय आहे एवढेच त्याला हवे होते. ती कस कशाने धरते आणि कशाने सोडते, याला रकाना नव्हता.

त्या रकान्याचे आजचे नाव सेंद्रिय कर्ब. झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन मुळे, पाला, शेण यांच्या वाटेने मातीत येतो. सूक्ष्मजीव तो खातात. बराचसा श्वासावाटे पुन्हा हवेत जातो आणि थोडा मातीच्या कणांना चिकटून राहतो. हा राहिलेला थोडा भाग माती भुसभुशीत ठेवतो, पाणी धरतो, अन्नद्रव्ये सांभाळतो. जगातल्या सगळ्या मातीत मिळून वातावरणातल्यापेक्षा जास्त कार्बन आहे. म्हणूनच हवामानबदलाच्या चर्चेत माती आली. २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान परिषदेच्या वेळी फ्रान्सने ‘हजारी चार’ हा संकल्प मांडला: मातीतला कर्ब दर वर्षी हजारात चार भागांनी वाढवावा.

इथे काळ्या रंगाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. काळी म्हणजे कर्बाने गच्च भरलेली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दख्खनच्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्या आतच असतो. तो थोडा असतो, पण फुगणाऱ्या-आकसणाऱ्या चिकणमातीशी घट्ट बांधलेला असतो, म्हणून रंग गडद दिसतो. मातीपरीक्षणात अर्ध्या टक्क्याच्या खाली कर्ब गेला की जमीन ‘कमी’ या वर्गात पडते. एका एकराचा वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरला, तर साधारण ८०० टन माती होते. तिच्यात अर्धा टक्का कर्ब म्हणजे चार टन. १६ आण्यांच्या रानाची वरच्या थरातली ही सगळी पुंजी. कितीही काळे दिसले तरी रान श्रीमंत नव्हते. ते काटकसरीने राहत होते.

ही काटकसर कशी चालायची, ते जुन्या पीकपद्धतीवरून कळते. पावसाळा सरता सरता शाळू पेरायचा. मातीत मुरलेल्या ओलीवर तो पिकायचा. कडबा जनावरांना, जनावरांचे शेण उकिरड्यात, उकिरडा पुन्हा रानात. उन्हाळ्यात धनगरांच्या मेंढ्या रानात बसवायच्या आणि त्याबद्दल त्यांना धान्य द्यायचे. बांधावर बाभळी असायच्या. उन्हाने रान भेगाळले की वरची माती, पाला, लेंड्या त्या भेगांतून खाली जायच्या आणि पावसात भेगा मिटल्या की आत गाडल्या जायच्या. काळी माती स्वतःच स्वतःला उलटीपालटी करते, असे म्हणतात ते यामुळे. कर्ब वरच्या वीतभर थरात न राहता खोलवर जाण्याची ही नैसर्गिक सोय होती.

तो काळ सुखाचा होता असे मात्र म्हणवत नाही. इंग्लंडहून आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होल्कर यांनी भारतीय शेतीवरचा आपला अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांचा एक आग्रह ठळक आहे. शेतकऱ्याला शेणाची किंमत कळत नाही असे नाही; सरपण नसल्यामुळे त्याला शेणी थापून जाळाव्या लागतात. म्हणून गावाजवळ सरपण आणि चाऱ्याची राने राखा, असे त्यांनी सुचवले. म्हणजे चुलीसाठी कर्ब जात होता आणि शास्त्रज्ञाला ते दिसतही होते. सारा मात्र आण्यांवरच ठरत राहिला.

मग पाणी आले. कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा बांधून १८६०च्या दशकात डाव्या तीराने कालवा काढला गेला. आष्टा उजव्या बाजूला, त्यामुळे ते पाणी इथे आले नाही. पण खोऱ्यात बारमाही पाण्याची ओढ तेव्हापासूनची. या पाण्याचे पुढे काय होणार, याचे उत्तर दुसऱ्या खोऱ्यात लवकर मिळाले. नीरेच्या कालव्याखालच्या जमिनी खारावू लागल्या, तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी त्यांचा अभ्यास केला. नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवरची त्यांची पुस्तिका १९१० ची आहे. निदान स्पष्ट होते. पाणी देत राहिलो आणि निचऱ्याची वाट ठेवली नाही, तर जमिनीखालचे पाणी वर चढते. ते उन्हाने उडून जाते आणि बरोबर आणलेले क्षार मागे ठेवते. प्रतबंदीच्या यादीतली उपळ आता माणसाच्या हाताने तयार होऊ लागली होती.

त्यानंतर वीस वर्षांनी आणखी एक काम झाले, ज्याची आठवण मराठी वाचकाने ठेवायला हवी. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ काड्या, पाला, शेण आणि माती यांचे थर देऊन कंपोस्ट करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने पुस्तक निघाले. हॉवर्ड पुढे जगभर सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष ठरले. वाडांचे नाव मागे पडले. हे प्रयोग माळव्याच्या काळ्या मातीत झाले होते, आपल्याच जातीच्या. १९३२ मध्ये फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले. म्हणजे आष्ट्याच्या रानात ऊस मुख्य पीक होण्याच्या आधीच, पाण्याचा धोका आणि कर्बाचा उपाय, या दोन्ही गोष्टी साताऱ्या-पुण्याच्या अंतरावर छापून तयार होत्या.

१९६०च्या दशकात कोयना धरण उभे राहिले. पूर्वेकडे सोडलेल्या पाण्यामुळे कऱ्हाडच्या खाली कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहू लागले. वीज आली, नदीवर पंप बसले, पाणीपुरवठा संस्था झाल्या. वाळवा तालुक्यात साखराळ्याला, वाळव्याला सहकारी साखर कारखाने निघाले. या बदलाने घरोघर जे आणले ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. शाळा, दवाखाने, पक्की घरे उसाच्या पैशातून झाली. शाळूच्या रानाला वर्षातले कित्येक महिने कोरडे पडून राहावे लागे. उसाचे रान बारा-चौदा महिने ओले आणि हिरवे राहिले.

पण रानाची काटकसर मोडली. जनावरे कमी झाली, मेंढ्या बसवायला मोकळे रानच उरले नाही. भेगा पडेनाशा झाल्या. ऊस तुटल्यावर हेक्टरी आठ-दहा टन पाचट रानात उरते; खोडव्याची घाई असते, म्हणून ते पेटवायची रीत पडली. आगीत त्यातला बहुतेक कार्बन काही मिनिटांत हवेत जातो. आणि पाणी पाटाने, भरपूर, वर्षानुवर्षे. निचरा नसलेल्या सखल भागात मीठफुटी दिसू लागली. त्यापुढची पायरी चोपणाची. सोडियम वाढले की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही, गांडुळे नाहीशी होतात. अशा जमिनीत सेंद्रिय द्रव्य विरघळून ओलाव्याबरोबर वर येते आणि पृष्ठभागावर काळसर पापुद्रा धरते. पाश्चात्त्य शास्त्रज्ञ तिला ‘काळी अल्कली’ म्हणत. सर्व्हेच्या कारकुनाने ज्या काळेपणावर १६ आणे दिले, तोच काळेपणा इथे जमीन गेल्याची खूण ठरतो.

आष्ट्याजवळच, मिरज तालुक्यात कसबे डिग्रज इथल्या कृषी संशोधन केंद्राने या दुखण्यावर काम केले आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून पाण्याला वाट काढून द्यायची, हा उपाय या पट्ट्यात चालतो हे दिसले आहे. अडचण शास्त्राची नाही. एकाच्या रानातले पाणी दुसऱ्याच्या रानातून ओढ्यापर्यंत न्यायचे तर गावाचे एकमत लागते, आणि खर्च एकट्याच्या आवाक्यातला नसतो.

अशा दमलेल्या मातीवर आता बदललेला पाऊस पडतो आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. कृष्णाकाठाला हे सांगायला अहवाल लागत नाही. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत आले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पुराच्या उंचीत पावसाबरोबर धरणांतला विसर्ग, नदीपात्रातली बांधकामे, पूररेषेतली वस्ती यांचाही वाटा आहे आणि त्यावर वाद चालू राहतील. मातीला मात्र या वादाशी देणेघेणे नाही. तिच्यावर पाणी किती दिवस उभे राहिले, एवढेच तिला कळते.

पाण्याखालच्या मातीत हवा संपते. उसाचे शेंडे बुडाले की पीक कुजते, मुळे मरतात. हवेवर जगणारे जीव थांबतात आणि हवेशिवाय जगणारे कामाला लागतात. त्यांच्या श्वासातून मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड निघतात. हे दोन्ही वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरणारे आहेत. पाणी ओसरताना उघड्या रानातली वरची, कर्बाची माती घेऊन जाते. आणि मग उन्हाळा येतो. तापमान वाढले की सूक्ष्मजीवांची भूक वाढते. ओल असेल तर ते उरलासुरला कर्ब अधिक वेगाने संपवतात. म्हणजे पूर आणि ऊन, दोघेही एकाच पुंजीवर हात मारतात.

या मातीच्या खोलीवर उभ्या असलेल्या व्यवस्थाही ढासळल्या. सांगलीजवळ हरिपूरला, जिथे वारणा कृष्णेला मिळते, तिथल्या घट्ट मातीत खोल पेवे काढून हळद साठवायची जुनी रीत होती. पेवात हवा शिरत नसे, म्हणून हळदीला कीड लागत नसे. २००५च्या पुराचे पाणी पेवांत शिरले, हळद गेली, आणि तेव्हापासून पेवे मागे पडत जाऊन शीतगृहे पुढे आली.

मातीतल्या जीवांचे वेळापत्रकही पावसाला बांधलेले आहे. उसाच्या शेतकऱ्याला हुमणी सांगावी लागत नाही. वळवाचा पहिला पाऊस झाला की तिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात, बाभळी-कडुनिंबावर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. वळीव मागेपुढे झाला की त्यांचे निघणेही मागेपुढे होते आणि गावाने मिळून भुंगेरे गोळा करायची मोहीम चुकते. नदीकाठच्या हुमणीची जात माळावरच्या जातीहून वेगळी. तिची वेळ वेगळी. अळी लहानपणी कुजणाऱ्या पदार्थांवर जगते, मोठी झाली की मुळांवर येते. त्यामुळे कर्ब वाढवा म्हणून अर्धवट कुजलेले शेणखत टाकले, तर हुमणीला आमंत्रण जाते. नांगरामागे अळ्या टिपणाऱ्या साळुंक्या आणि बगळे, अळीला मारणारी मेटारायझियम ही बुरशी, हे सगळे तिथे असले तरच तोल राहतो. पोतेभर काहीतरी टाकून कर्ब वाढत नाही. तो वाढवायचा तर हे सगळे बिऱ्हाड परत आणावे लागते.

आता मोजणीकडे परत येतो, कारण खरा पेच तिथे आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारची मृदा आरोग्य पत्रिका आली आणि सेंद्रिय कर्बाला प्रथमच घरोघर पोचणाऱ्या कागदावर रकाना मिळाला. बारा बाबींपैकी ती एक. पण नमुना बागायतीत अडीच हेक्टरांच्या चौकटीतून एक, आणि तोही वरच्या वीतभर थरातला. १८५०च्या कारकुनाने पावणेदोन हात खाली पाहिले आणि कर्ब पाहिला नाही; आजच्या पत्रिकेने कर्ब पाहिला आणि खोली सोडली. शिवाय टक्केवारीवरून साठा कळत नाही. त्यासाठी ठरावीक घनफळाची माती वाळवून तिचे वजन करावे लागते.

हा काथ्याकूट आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. २०२४च्या जानेवारीत केंद्रीय कृषी मंत्रालयाने शेतीतल्या ऐच्छिक कार्बन बाजाराची चौकट जाहीर केली. पाचट न जाळता रानात कुजवणाऱ्याला, नांगरट कमी करणाऱ्याला मातीत साठवलेल्या कार्बनाचे पैसे मिळावेत, ही कल्पना चांगली आहे. आकडा मात्र डोळ्यांसमोर ठेवावा. एका एकराच्या वीतभर थरात कर्ब दशांश एक टक्क्याने वाढवला, तर सुमारे आठशे किलो कर्ब साठतो, म्हणजे जवळपास तीन टन कार्बन डायऑक्साइड. याला कित्येक वर्षे लागतात आणि एक पूर किंवा एक आग ते परत नेऊ शकते. वाढ किती झाली हे ठरते सुरुवातीच्या आकड्यावरून. तो आकडा विकत घेणाऱ्याच्या वहीत असेल आणि शेतकऱ्याकडे काहीच नसेल, तर सौदा कसा होईल हे आपल्या आजोबा-पणजोबांना विचारावे. त्यांच्या मातीचे आणे दुसऱ्याने ठरवले होते.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडला ब्रॉडबॉक नावाच्या शेतात १८४३ पासून गहू पिकतो आहे आणि तिथल्या मातीचे जुने नमुने बाटल्यांत जपून ठेवले आहेत. आपल्या सर्व्हेने त्याच दशकात नियम बांधले. पण माती पाहिली, साठवली नाही. तरी आपण रिकाम्या हाताने नाही. एकत्रीकरणात जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले असले, तरी एकाचा दुसऱ्याशी मेळ घालता येतो. त्यावरून तेव्हाची खोली आणि तेव्हाचे दोष आजच्या रानाशी ताडून पाहता येतात.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आष्ट्यासारख्या गावाने आपल्या शिवारात पाच-सहा जागा नेमाव्यात. एक नदीकाठच्या मळीची, एक चोपण झालेली, एक पाचट कुजवणाऱ्याची, एक दर वर्षी जाळणाऱ्याची, एक अजून शाळू घेणाऱ्याची. ऊस तुटून रान मोकळे झाले की तिथे पावणेदोन हात खड्डा घ्यावा. तीन थरांतली माती तपासावी, तिचे वजन करावे, उपळ कुठे लागली ते मांडावे, गांडुळे मोजावीत. गट नंबर, जुना सर्व्हे नंबर, तारीख आणि खड्डा घेणाऱ्याचे नाव लिहावे. दर पाच वर्षांनी त्याच जागी पुन्हा. वही शाळेत किंवा नगरपरिषदेत, कुणालाही बघता येईल अशी. आणि प्रत्येक थरातली मूठभर माती सावलीत वाळवून, झाकणाच्या बाटलीत घालून, चिठ्ठी लावून वहीशेजारी ठेवावी.